तीन कळ्यांची त्सुबाकी

पहाटे ५.३०

मार्चचा दुसरा आठवडा लागला तरी पहाटे बोटं आखडतात. बागेच्या मागच्या भिंतीवर किमान-कमाल तापमापक टांगलेला आहे. उठल्यावर पहिल्यांदा तो बघायचा, बाकी सगळं नंतर. रात्रीचा नीचांक १ अंश. म्हणजे काल संध्याकाळी कुंड्या आत घेतल्या ते बरं झालं.

ओमियाच्या बोन्साय-चोमध्ये, तोक्योच्या उत्तरेला, एका बागेत मी शिकाऊ आहे. तिसरं वर्ष. बाग मुख्यतः पाइन-जुनिपरांची, पण पूर्वेच्या ओट्यावर चाळीसेक त्सुबाकी आहेत. त्सुबाकी म्हणजे कॅमेलिया. गेल्या वर्षापासून तो ओटा ओयाकातांनी माझ्याकडे दिलाय. ओयाकाता म्हणजे आमचे गुरू आणि मालकही.

जमिनीतली त्सुबाकी चिवट असते, याहून कडक थंडी ती सहज काढते. कुंडीतल्या मुळांना मात्र जमिनीची ऊब मिळत नाही, आणि उमलायला लागलेल्या फुलावर दव गोठलं की पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात. म्हणून कळीने रंग दाखवला की ते झाड रात्रीपुरतं ‘मुरो’त, हिवाळी छपराखाली न्यायचं आणि पहाटे पुन्हा ओट्यावर आणायचं. उचलताना कुंडी बुडाखालून धरायची, खोडाला हात लावायचा नाही. पोटाशी झाड घेऊन अंधारात चालताना फुलं हनुवटीला लागतात. त्यांना जवळजवळ वास नसतो. पहिल्या वर्षी याचं मला वाईट वाटायचं.

आज दोन वाजता एक बाई येणार आहेत. त्यांचं झाड मी सगळ्यात शेवटी बाहेर आणलं.

सकाळी ६.००

उजाडलं की पडलेली फुलं वेचायची.

त्सुबाकीचं फूल अख्खं पडतं. पाकळ्या बुडाशी एकमेकींना आणि पुंकेसरांच्या नळीला जोडलेल्या असतात, त्यामुळे सुटताना सगळंच एकदम सुटतं आणि शेवाळावर बहुधा तोंड वर करून पडतं. लांबून बघणाऱ्याला ते तिथेच उगवल्यासारखं वाटतं. तिची बहीण साझांका थंडीच्या आरंभी फुलते. तिच्या पाकळ्या सुट्या, एकेक करून गळतात. जपानी माणसं फुलांच्या पडण्याला वेगवेगळी क्रियापदं वापरतात: साकुरा (चेरी) विखुरते, उमे (प्लम) सांडते, पिओनी ढासळते आणि त्सुबाकी पडते. हे ऐकलं तेव्हा मला आपली क्रियापदं आठवली. प्राजक्ताचा सडा पडतो, मोहोर झडतो, शेवंती वाळते. जास्वंद मिटून गळते, ती मात्र त्सुबाकीसारखी अख्खी. अख्खं फूल असं खाली येतं म्हणून आजाऱ्याला भेटायला जाताना इथे त्सुबाकी नेत नाहीत.

वेचण्याचं खरं कारण बुरशी आहे. पाकळ्यांवर तपकिरी डाग पाडणारी एक बुरशी पडलेल्या फुलाच्या बुडाशी काळी, टणक गाठ धरते. ही गाठ मातीत पडून राहते आणि पुढच्या वसंतात तिच्यातून वाटीसारखी इवली अळंबी उगवते. तिचे बीजाणू वाऱ्यावर उडून नव्या फुलांवर जातात. एक फूल वेचायचं राहिलं की पुढच्या वर्षीचा अख्खा ओटा धोक्यात. म्हणून वेचलेली फुलं खतात टाकायची नाहीत, जाळायच्या कचऱ्यात बांधून द्यायची.

आज सत्तावीस वेचली. बाईंच्या झाडाखाली एक होतं. ते मी कचऱ्यात टाकलं नाही, डाग नाही याची खात्री करून निळ्या बशीत पाण्यावर सोडलं.

तेवढ्यात मेजिरो आले. मेजिरो म्हणजे पांढऱ्या डोळ्यांचा, आपल्या चष्मेवाल्याचा सख्खा भाऊ. हिवाळ्यात कीटक नसतात तेव्हा त्सुबाकीचं परागीभवन हे पक्षीच करतात. मधासाठी चोच आत घातली की कपाळ पिवळं होऊन बाहेर येतं. ओयाकाता त्यांना हुसकावू देत नाहीत. पाकळीवर नख्यांचे ओरखडे उमटले तरी चालतात.

सकाळी ७.३०

न्याहारी आणि चहा. चहाही कॅमेलियाच आहे, हे मला इथे आल्यावर कळलं. मनिलात राहून वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या गेओर्ग योसेफ कामेल या जेझुइट धर्मबंधूचं नाव लिनियसने या वंशाला दिलं. १७५३ साली त्याने चहाला मात्र वेगळ्या वंशात ठेवलं होतं, दोन्ही एकत्र आली ती नंतर. तासगावच्या घरी दिवसातून पाच वेळा चहा व्हायचा आणि आपण फुलझाडाची पानं उकळतोय हे कुणाच्या मनातही नव्हतं. ओट्याच्या टोकाला ओयाकातांनी एक चहाचं बोन्सायही ठेवलंय. ऑक्टोबरात त्याला पांढरी, खाली मान घातलेली फुलं येतात, नाण्याएवढी.

सकाळी ८.००

पाणी. दिवसातलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि लांबून बघणाऱ्याला ते कामच वाटत नाही.

‘मिझुयारी सान्नेन’ म्हणतात, पाणी घालायला शिकायला तीन वर्षं. तिसरं वर्ष संपत आलं तरी मला ते येतं असं मी म्हणणार नाही. पाइनला कोरडं आवडतं, त्सुबाकीला अजिबात नाही. कळी मोठी होत असताना माती एकदा जरी पूर्ण कोरडी पडली, तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी कळ्या देठापाशी तपकिरी होतात आणि बोट लागलं की सुटतात. तोवर कोणत्या दिवशी चुकलो हे आठवतही नाही. हिवाळ्यात इथल्या कांतोच्या मैदानावर कोरडा वारा सुटतो. आकाश निळं, ऊन सुंदर, आणि कुंडी दुपारपर्यंत वाळून ठक्क.

सुदैवाने माती बोलते. त्सुबाकी आम्ही कानुमात लावतो. कानुमा शहराच्या परिसरात सापडणारा हा अकागी ज्वालामुखीचा हलका, भुसभुशीत, आम्लधर्मी दगड. कोरडा असला की फिकट, सायीच्या रंगाचा, आणि भिजला की हळदीसारखा पिवळा. शेवाळाची कड चिमटीने उचलायची आणि रंग बघायचा. पृष्ठभाग फिकट आणि खालचा थर अजून पिवळा असेल तेव्हाच पाण्याची वेळ. सगळं फिकट झालं असेल तर उशीर झालेला असतो.

झारीची चाळणी वर तोंड करून धरायची, म्हणजे पाणी पावसासारखं पडतं. फुलावर थेंब पडू द्यायचा नाही. एकदा घालायचं, बुडाच्या भोकातून धार लागेपर्यंत. मग पुढच्या झाडाकडे जायचं आणि परत येऊन पुन्हा घालायचं. पहिल्या वेळी माती ओली होते, दुसऱ्या वेळी पिते. हे ओयाकातांचे शब्द. पाण्यात क्षार जास्त असले तर पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. द्राक्षाच्या बागेत चुनखडी जमिनीत अगदी हेच होतं, त्यामुळे ते पान मी दुरून ओळखते.

चाळीस झाडांना सव्वा तास लागला.

सकाळी ९.३०

फाटक उघडलं. १९२३ च्या महाभूकंपानंतर तोक्योतल्या बोन्सायवाल्यांनी चांगली माती, पाणी आणि मोकळी हवा शोधत इथे येऊन १९२५ मध्ये हे गाव वसवलं. इथे राहायचं तर किमान दहा बोन्साय हवेत, दार सर्वांना उघडं हवं, घर दुमजली नको आणि कुंपण जिवंत झाडांचं हवं, असे त्यांचे नियम होते. दार अजून उघडंच आहे. येणारे लोक पाइनपुढे थांबतात, त्सुबाकीपुढे फोटो काढतात.

सकाळी १०.००

फुलून झालेल्या झाडांची छाटणी.

आमच्या ओट्यावरची सगळ्यात अवघड गोष्ट इथेच येते. बोन्सायमध्ये पेरं आखूड होतं, फांदी बारीक होते, पानही काही वर्षांत लहान होतं. फूल लहान होत नाही. रानातल्या दोन पुरुष उंच त्सुबाकीला जेवढं फूल येतं, जवळजवळ तेवढंच हातभर झाडालाही येतं. म्हणून काही जण मुळातच लहान फुलाची वाबिसुके लावतात. चहासमारंभातलं हे आवडतं फूल पेल्यासारखं अर्धवट उघडं राहतं. पण मोठ्या फुलाची जात घेतली तर शरदात कळ्या खुडाव्या लागतात. एका शेंड्यावर तीन कळ्या असल्या तर एक ठेवायची, आणि जवळजवळच्या शेंड्यांपैकी एकावरचीही काढायची. सगळ्या ठेवल्या तर लहान मुलाने आजोबांची पगडी घातल्यासारखं झाड दिसतं, आणि सगळी ताकद फुलांत गेल्यावर वसंतात फुटवा येतो तो मरतुकडा.

छाटणी फुलं संपली की लगेच करायची. गेल्या वर्षीच्या फुटव्याची एक-दोन पानं राखून वर कापायचं. पानाच्या बगलेत डोळा असतो, तो एप्रिलमध्ये फुटतो. डोळा आणि कळी यांतला फरक बोटाला कळतो: डोळा निमुळता, टोकदार असतो आणि कळी गोल, पोट असलेली. जुन्या लाकडातूनही त्सुबाकी फुटते, त्यामुळे धीट छाटणी तिला सोसते. तारेला मात्र ती राजी नसते. लाकूड ठिसूळ, वाकवताना काही सांगत नाही आणि एकदम कट्‌कन मोडतं. साल पातळ, फिकट राखाडी. तारेचा वळ तिच्यावर कित्येक वर्षं राहतो. म्हणून तार लावलीच तर कागद गुंडाळलेली, तीही कोवळ्या फांदीला. बाकी आकार कात्रीनेच येतो, आणि कात्रीने आकार यायला दहा वर्षं लागतात.

नवा फुटवा मेअखेर पक्व होतो. त्याच्या टोकाशी पुढच्या वर्षीची कळी जून-जुलैच्या उकाड्यात धरते. त्यानंतर शेंडा कापला की पुढच्या वसंतातलं फूल कापलं.

हे मला ठाऊक होतं. तासगावच्या द्राक्षबागायतदाराच्या मुलीला ठाऊक असायलाच हवं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते, आणि त्या दिवसांत बागेकडे दुर्लक्ष झालं तर ऑक्टोबरात छाटून घड येत नाहीत, हे आमच्या घरात जेवताना बोललं जातं. तरीही गेल्या ऑगस्टमध्ये, पाहुणे येणार म्हणून, मी बाईंच्या झाडाचे लांब वाढलेले शेंडे कापले. झाड सुबक दिसू लागलं. त्या वेळी कळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या होत्या. मी थांबून बोट लावून बघितलं नाही.

ऑक्टोबरात ओयाकाता कळ्या खुडायला आले आणि त्या झाडापुढे उभे राहिले. खुडण्यासारखं काही नव्हतं. झाडावर तीन कळ्या होत्या. ते रागावले नाहीत. “फुलं बघायला त्या वर्षातून एकदा येतात,” ते म्हणाले, “आल्या की तूच सांग.”

दुपारी १२.००

डबा खाताना बाबांचा फोन आला. तिकडे साडेआठ वाजले होते, द्राक्षं उतरवायचा हंगाम, मागे क्रेटांचा खडखडाट. मी सांगितलं की आज त्या बाई येणार आहेत. बाबांनी एकच विचारलं, “छाटलेली तारीख लिहून ठेवली आहेस का गं?” ठेवली आहे. ९ ऑगस्ट.

मग अवजारं पुसली. कात्री त्सुबाकीच्या चिकाने काळी पडते. आधी पाण्याने घासून कोरडी करायची, मग पात्यावर तेलाचा हात फिरवायचा. हे तेल त्सुबाकीच्याच बियांचं. इझु ओशिमा आणि गोतो बेटांवर ते काढतात. ते वाळून चिकट होत नाही, लोखंडावर पातळ थर धरून राहतं. केसांना लावतात तेही हेच.

दुपारी १.००

पानांची पाहणी, उलट बाजूने. हे काम मी कुणावर सोपवत नाही.

चादोकुगा नावाचा एक पतंग त्सुबाकीच्या आणि चहाच्या पानाखाली अंडी घालतो. मादी अंडीपुंजावर आपल्या अंगावरची पिवळसर केसाळ लव पांघरून जाते. अंडी तशीच हिवाळा काढतात आणि एप्रिलमध्ये फुटतात. कोवळ्या अळ्या पानावर ओळीने डोकी लावून शाळेतल्या मुलांसारख्या बसतात आणि पान खरवडतात. अळीच्या अंगावरचे केस डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक, आणि विषारी. अळी मेली तरी केसांचं विष राहतं, कात टाकली तरी त्या कातीवर राहतं, अंडीपुंजाच्या लवेतही असतं. पहिल्या वर्षी मी अळ्या बघून फांदी झटकली. मान, दंड, पोट, सगळीकडे पुरळ उठलं आणि दोन आठवडे रात्रीची झोप गेली. खाजवलं की केस पसरतात. आधी चिकटपट्टी लावून उचलायचे, मग धुवायचं. कपडे वेगळे, गरम पाण्यात.

म्हणून मार्चमध्येच, अंडी फुटायच्या आधी, प्रत्येक पान उलटून बघायचं. पुंज दिसला तर पिशवी खालून धरून पान देठासकट कापायचं आणि पिशवी बांधायची. आज दोन सापडले. एका फांदीवर खवले कीड होती, ती जुन्या दातघासणीने काढली. ती राहिली तर तिच्या चिकट पाझरावर काजळीसारखी बुरशी चढते आणि पान श्वास कोंडल्यासारखं निस्तेज होतं.

दुपारी २.००

बाई वेळेवर आल्या. ऐंशीच्या पुढच्या, हातात काठी, गळ्याला रुमाल. त्यांचं झाड साधं लाल याबुत्सुबाकीचं, रानातली जात. पंचावन्न सेंटिमीटर उंच, बुंधा माझ्या मनगटाहून जाड. लग्न झाल्यावर दोघं ओशिमाला गेली होती, तिथे वेचलेल्या बियांमधलं हे एक. यजमान गेल्यापासून झाड आमच्याकडे सांभाळायला आहे.

मी स्टूल ठेवलं. झाडावर एक फूल पूर्ण उमललेलं, एक कळी लाल टोक दाखवणारी, आणि बशीत सकाळचं. मी खाली वाकून सगळं सांगितलं. तारीख सांगितली, कापलं का तेही सांगितलं. माझं जपानी अशा वेळी अडखळतं.

त्या बराच वेळ झाडाकडे बघत होत्या.

“तीन म्हणजे कमीच,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आमचे हे सात ठेवायचे. पन्नास कळ्या आल्या तरी सात. मी भांडायचे. एवढे कष्ट करून वाढवायचं आणि मग खुडायचं कशाला? एका वर्षी त्यांनी माझं ऐकून सगळ्या ठेवल्या. झाड नुसतं लाल झालं होतं, पान दिसत नव्हतं. पुढची दोन वर्षं काहीच आलं नाही.”

मग त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि नवे डोळे दाखवायला सांगितलं. मी एकेक फांदी दाखवली. कापलेल्या जवळजवळ प्रत्येक शेंड्याखाली दोन-दोन डोळे आहेत, फुगलेले, तेलकट चमक असलेले. यंदा फुलांचा भार नव्हता, त्याची ताकद तिथे साठली आहे. बाईंनी चष्मा काढून, नाक पानाला लागेल इतक्या जवळून ते बघितले. मोजले. त्यांच्या हिशोबाने एकोणीस, माझ्या हिशोबाने एकवीस.

“ऑगस्टमध्ये मी येईन,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काम करा, मी इथे बसेन.”

निघताना बशीतलं फूल मागितलं. मी रिकाम्या डब्यात ओलं शेवाळ घालून त्यावर ठेवून दिलं. फाटकापर्यंत त्यांनी डबा दोन्ही हातांनी धरला होता, काठी मी धरली होती.

दुपारी ४.००

महिनाअखेर कुंड्या बदलायच्या, त्याची तयारी. कानुमा तीन चाळण्यांतून चाळायचा आणि खालची भुकटी फेकायची. भुकटी राहिली तर पाणी साचतं आणि त्सुबाकीची केसासारखी पांढरी मुळी कुजते. मुळांची कापाकापी हलक्या हाताने, तिसरा भागही नाही. फुलझाडाची कुंडी झिलईची असते. लाल फुलाला फिकट निळी किंवा सायीच्या रंगाची, गडद कधीच नाही. बाईंच्या झाडाला या वर्षी कुंडी बदलायची होती, पण ओयाकाता येऊन बघून गेले आणि म्हणाले, थांबूया. डोळे जोरात आहेत, मुळांना या वर्षी छेडायचं नाही. मोहरीसारख्या बियांच्या पेंडीचे गोळे तेवढे एप्रिलमध्ये मातीवर ठेवायचे. पेंडीचा वास तोच, आमच्या गोठ्यातला.

संध्याकाळी ५.३०

दुसरी फेरी. अकरा फुलं वेचली. शेवाळ उचलून माती बघितली, चार कुंड्यांना पुन्हा पाणी. हवामानखात्याने पहाटे उणे १ सांगितलंय, म्हणून रंग दाखवणारी सगळी झाडं मुरोत.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं ऑगस्टचं पान उलटून ९ तारखेभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढलं आणि खाली लिहिलं: कात्री नाही. स्टूल सावलीत.

मग बाईंचं झाड बुडाखालून उचललं. तिसरी कळी सकाळपेक्षा थोडी जास्त उघडली होती. उद्या दुपारपर्यंत उमलेल.